एका डब्ल्यूपायी

ट्रेसा हाउगेनला कुणी काही विचारलं आणि ती 'माहीत नाही' म्हणाली, असं कधी झालंच नाही. म्हणजे खरंच नाही! होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर कपडे सुकवायच्या मशीनचं कुठलं बटण दाबायचं इथपासून कुठल्या प्रोफेसरचा पेपर सोपा असतो इथपर्यंत सगळं ट्रेसाला विचारायचं, आणि ट्रेसा ते असं ठासून सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हा नियम हिनेच केलाय. बरं, दहातल्या आठ वेळा ती बरोबरही असायची. उरलेल्या दोन वेळांचं कुणी मनावर घेत नव्हतं.

तिची रूममेट लिओटा ब्रँट एकदम उलटी. उंच, शांत, हळू बोलणारी. एखादी गोष्ट समजायला तिला वेळ लागायचा, पण एकदा समजली की ती तिचीच होऊन जायची, परीक्षेनंतरही जायची नाही. दर शनिवारी ती गावातल्या वृद्धाश्रमात कामाला जायची. तिथले एक आजोबा होते, ते नर्सच्या हातून घासभर खायचे नाहीत, आणि ही समोर बसली की वाटीभर ओटमील गुपचूप संपवायचे. ही काही करायचीसुद्धा नाही हो, नुसती बसायची!

डॉक्टर दोघींनाही व्हायचं होतं. पण ट्रेसाला व्हायचं होतं ते आमच्या कॉलेजातल्या निम्म्या पोरांना व्हायचं असतं तसं, म्हणजे मार्क चांगले पडतात, घरच्यांना आवडतं, आणि आता चारचौघांत बोलून बसलोय. लिओटाचं तसं नव्हतं. ती आली होती आयोवा राज्याच्या पार पश्चिमेकडच्या एका गावातून, जिथे धान्याचं कोठार, दोन चर्च आणि एक पेट्रोल पंप, संपलं गाव. तिथले म्हातारे डॉक्टर ती नववीत असताना निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. दवाखान्याला कुलूप. साधा कान दुखला तरी चाळीस मैल गाडी हाणायची. लिओटाला शिकून तिथेच परत जायचं होतं. तेवढंच. एवढं सरळ स्वप्न आमच्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

तर झालं असं. पहिलं वर्ष संपत आलं होतं, एप्रिल चालू होता, आणि पुढच्या सेमिस्टरचे विषय निवडायचे होते. गुरुवार होता, म्हणजे मेसमध्ये चिली, ती खिमा-राजम्याची, आणि तिच्यासोबत दालचिनीचा रोल. लिओटाने ताटाशेजारी वही उघडली होती आणि पेन्सिलने छान चौकटी आखून वेळापत्रक केलं होतं. ट्रेसाने रोलचा तुकडा चिलीत बुडवला आणि वहीत डोकावली.

"ऑरगॅनिक केमिस्ट्री, बरोबर. सायकॉलॉजी, बरं. स्पॅनिश, चला ठीक. आणि हे काय? मातीची भांडी?"

"हं."

"तुला डॉक्टर व्हायचंय की कुंभार?"

लिओटा हसली. "मजा येते गं. आणि ऑस्ट्रँडर मॅडम म्हणाल्या, ऑरगॅनिक असेल त्या सेमिस्टरला दुसरी मोठी लॅब घेऊ नकोस. फिजिक्स तिसऱ्या वर्षाला घे. कुठे पळून चाललंय?"

ऑस्ट्रँडर मॅडम म्हणजे मेडिकलला जाणाऱ्या मुलांच्या सल्लागार. वीस वर्षं तेच काम. टेबलावर कायम पेपरमिंटचा बाऊल.

"त्या सगळ्यांनाच तेच सांगतात," ट्रेसा म्हणाली. "त्यांचं कामच आहे ते, कुणी रडत ऑफिसात येऊ नये म्हणून. शेवटच्या वर्षाच्या कॉर्बिनला विचार! त्याने ऑरगॅनिक, फिजिक्स, जेनेटिक्स, तिन्ही एकदम घेतलं, आणि त्याला तीन मेडिकल कॉलेजांतून मुलाखतीला बोलावलंय. ते लोक काय बघतात माहितीये? पोरगी किती ओझं पेलते ते बघतात. नुसते मार्क बघत नाहीत."

"कॉर्बिनला झोप लागत नाही असं तोच सांगत होता."

"पण मुलाखती तीन आहेत ना?"

ट्रेसाने खोडरबर उचललं. "हे बघ लिओ, मी पण तेच घेणारे. आपण दोघी मिळून करू. ऑरगॅनिक, फिजिक्स, जेनेटिक्स, स्टॅटिस्टिक्स. अठरा क्रेडिट. एकत्र अभ्यास, एकत्र लॅब. कळणारसुद्धा नाही कधी संपलं." आणि बोलता बोलता तिने मातीची भांडी खोडून टाकली. मग स्पॅनिश. मग सायकॉलॉजी. लिओटा बघत राहिली, पण 'थांब' म्हणाली नाही. लिओटा तशी म्हणायचीच नाही.

आता खरी गोष्ट सांगते, जी ट्रेसाने तेव्हा कुणाला सांगितली नाही, स्वतःलाही नाही. तिला फिजिक्सची भयंकर भीती वाटायची. तिच्या शाळेत फिजिक्स शिकवायला होते फुटबॉलचे कोच, आणि ते अर्धा तास खेळाडूंचे किस्से सांगायचे आणि उरलेला अर्धा तास पुस्तक वाचा म्हणायचे. त्यात कॉलेजातली फिजिक्सची लॅब जोडीने करायची असते. दोघांचा एकच रिपोर्ट, दोघांना एकच मार्क, आख्खं सेमिस्टर. म्हणजे जोडीदार धड मिळाला तर तुम्ही तरलात आणि भलताच मिळाला तर बुडालात. लिओटाचा हात कसा स्थिर, हे ट्रेसाने पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत पाहिलं होतं. तिला तो हात आपल्या टेबलावर हवा होता. झालं. एवढ्यासाठी.

अठरा क्रेडिट, म्हणजे नेहमीच्या ओझ्याहून जास्त, घ्यायचे तर सल्लागारांची सही लागते. मॅडमनी लिओटाचा फॉर्म हातात धरून बराच वेळ वाचला. ट्रेसा दारातच उभी होती.

"हे तू ठरवलंस ना, लिओटा?" त्यांनी विचारलं. "तूच?"

"हो मॅडम," लिओटा म्हणाली. मॅडमनी एकदा दाराकडे पाहिलं आणि सही केली.

ऑगस्टच्या शेवटी सुरू झालं आणि सप्टेंबर संपेपर्यंत दोघींचा पार भुगा! सोमवारी दुपारी चार तास ऑरगॅनिकची लॅब, तिथून बाहेर आलं की केसांना वास, तसंच जेवायला. बुधवारी फिजिक्सची. मंगळवारी जेनेटिक्सची चाचणी, शुक्रवारी स्टॅटिस्टिक्सची. ट्रेसाचं काय, ती पाठ करायची, पेपरात ओकायची, विसरायची, पुढे. तिला जमून गेलं. लिओटाला तसं येत नव्हतं. ती प्रत्येक रिॲक्शनपाशी थांबून विचारायची, हा इलेक्ट्रॉन इकडेच का गेला? आणि तिला ते कळेपर्यंत वर्ग दोन धडे पुढे. तिला फक्त वेळ हवा होता. आणि वेळच तर ट्रेसाने खोडला होता.

पण फिजिक्सच्या लॅबमध्ये बघाल तर लिओटा राणी! प्रयोगाची छोटी गाडी रुळावर सोडायची, सेकंद मोजायचे, सगळं ती करायची, शांतपणे, दहा-दहा वेळा. ट्रेसा आकडे लिहायची आणि रिपोर्ट सजवायची. दोघींना लॅबमध्ये सारखे मार्क, सगळ्यांत वरचे. लेखी चाचणीत मात्र लिओटाला एक्कावन्न. ऑरगॅनिकमध्ये त्रेचाळीस.

लिओटाने शनिवारचं काम सोडलं. आजोबांच्या मुलीला फोन करून सांगितलं, थोडे दिवस यायला जमणार नाही. फोन ठेवला आणि खिडकीशी बसून राहिली.

"नोव्हेंबरनंतर जाशील ना परत," ट्रेसा म्हणाली. "ते काही कुठे जात नाहीत."

"ते ऐंशी वर्षांचे आहेत, ट्रेस," लिओटा म्हणाली. बस्स, एवढंच म्हणाली.

मग आला तो शुक्रवार. ऑक्टोबरातला शेवटचा. विषय सोडायचा असेल तर त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणीच्या खिडकीवर फॉर्म द्यायचा, त्यानंतर देवाला सांगितलं तरी होत नाही. आणि सोडलं की निकालपत्रावर मार्कांच्या जागी एक अक्षर येतं, डब्ल्यू. म्हणजे सुरू केलं, झेपलं नाही, सोडलं. आता बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल, पण आमच्याकडे डब्ल्यूला जे घाबरतात ना, तेवढं कुणी नापास व्हायलाही घाबरत नाही! कुणाचा डब्ल्यू असेल तर त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. 'अमक्याला डब्ल्यू आहे' असं, जसं काही रोग आहे. कुणी सांगितलं, कुठे लिहिलंय, काही माहीत नाही. मोठे लहानांना सांगत आले.

दुपारी साडेतीनला ट्रेसा खोलीत आली तर लिओटा पलंगाच्या कडेवर बसलेली, अंगात कोट, पायात बूट, हातात पिवळा फॉर्म. फिजिक्सचं नाव लिहिलेलं. मॅडमची सही झालेली.

"अगं हे काय?"

"सोडते फिजिक्स. म्हणजे ऑरगॅनिक तरी वाचेल. मॅडम म्हणाल्या चालेल." मग तिने मान वर केली. "तुला काय वाटतं?"

बघा, ती निघालीच होती. बूट घातले होते तिने! विचारायची काही गरज नव्हती. पण ती ट्रेसाला विचारल्याशिवाय काही करत नव्हती, सवयच लागली होती तशी.

आणि ट्रेसाच्या डोक्यात त्या क्षणी काय आलं असेल? लिओटाचं गाव नाही. लिओटाचे त्रेचाळीस मार्क नाहीत. आला तो एव्हरेट प्रुइट. एव्हरेटचा जोडीदार आदल्याच आठवड्यात विषय सोडून गेला होता, आणि लिओटा गेली तर ट्रेसाला त्याच्यासोबतच बसवणार हे नक्की. एव्हरेट लॅबमध्ये सूर्यफुलाच्या बिया खायचा आणि टरफलं बीकरमध्ये थुंकायचा. आकडे आठवले नाहीत की मनाने लिहायचा.

"लिओ," ट्रेसा तिच्याशेजारी बसली. "डब्ल्यू कायम राहतो. कळतंय का? कायमचा. सी आला तर माणूस म्हणतो, पोरगी झगडली. डब्ल्यू आला की म्हणतो, पळाली. तू मुलाखतीला जाशील आणि समोर बसलेले ते तिघं पहिलं काय बघतील? तेच अक्षर."

"पण मॅडम म्हणाल्या..."

"मॅडम मुलाखत घेणारेत का? अजून पाच आठवडे आहेत. लॅबचे मार्क आपले वरचे आहेत, त्याने तू वर येशील. मी शिकवते तुला. रोज, सकाळी नाश्त्याआधी एक तास. शप्पथ."

लिओटाने बराच वेळ फॉर्मकडे पाहिलं. "तुला खरंच वाटतं मी सोडू नये?"

"खरंच."

"माझ्यासाठी म्हणून सांगतेयस ना?"

"मग काय माझ्यासाठी?" ट्रेसा हसली. हसली हो ती!

लिओटाने बुटांच्या नाड्या सोडल्या. बाहेर चर्चच्या घड्याळाचे पाच ठोके पडले तेव्हा दोघी पलंगावर बसून टॉर्कची गणितं सोडवत होत्या आणि ट्रेसाला आतून इतकं हलकं वाटत होतं की ती मध्येच उठून दोघींसाठी गरम कोको करून आली.

सकाळचा तास किती दिवस चालला म्हणाल? चार. पाचव्या दिवशी ट्रेसाची जेनेटिक्सची चाचणी होती.

डिसेंबरात निकाल लागला. ट्रेसाला फिजिक्समध्ये ए मायनस. लिओटाला फिजिक्समध्ये डी, म्हणजे जेमतेम पास, ऑरगॅनिकमध्ये सी, आणि बाकीचे दोन्हीही घसरलेले. नाताळच्या सुट्टीत ट्रेसाने तिला चार-पाच मेसेज टाकले. लिओटाने एकाला उत्तर दिलं, बर्फ फार पडलाय, आईला बरं नाहीये, भेटू. रागाचा एक शब्द नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं ट्रेसाला तेव्हाच वाटायला लागलं होतं.

जानेवारीत कॉलेज सुरू झालं. पहिल्या आठवड्यात विषय बदलता येतात, शुक्रवारपर्यंत. ट्रेसा गुरुवारी स्वतःच्या कामासाठी मॅडमकडे गेली होती. काम झालं, मॅडमनी पेपरमिंट पुढे केलं, ट्रेसाने घेतलं नाही आणि निघालीही नाही.

"मॅडम, एक विचारू? समजा एखादीला डब्ल्यू असेल. एकच. तर मेडिकलला मिळतं का?"

"एक डब्ल्यू?" मॅडमनी चष्मा काढला. "अगं, एका डब्ल्यूकडे कोण बघतं? फार तर मुलाखतीत विचारतील, काय झालं होतं. तर सांगायचं, ओझं जास्त झालं होतं, ओळखलं, वेळेत उतरवलं. त्यांना आवडतं उलट. दरवर्षी डब्ल्यूवाली चार-पाच मुलं जातात इथून. मुलांना अडवतो तो डी."



"आणि... समजा डी आला असेल तर? म्हणजे संपलंच?"

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. कोणाबद्दल चाललंय ते त्यांना कळलं असणार, पण नाव त्यांनी काढलं नाही. "संपत कशाला? या सेमिस्टरला हलकं घ्यायचं. उन्हाळ्यात फिजिक्स परत. चढता आलेख दाखवायचा. वर्षभर उशीर होईल, होऊ दे. पण त्या मुलीने इथे यायला हवं ना! मी दोन वेळा बोलावलं. ती आली नाही. तिला लाज वाटत असेल तर सांग तिला, या खुर्चीवर बसून रडलेले तीन जण आज सर्जन आहेत."

ट्रेसा धावत सुटली. अंगात कोट अर्धा, टोपी खिशात, पायऱ्यांवर बर्फ, एकदा घसरली, उठली, खोलीत गेली तर लिओटा नाही. लायब्ररीत नाही. शेवटी सापडली कुठे, तर नोंदणीच्या खिडकीसमोर, रांगेत. पुढे दोनच मुलं. हातात कागद, त्यावर वरच्या चौकटीत लिहिलेलं, सध्याचा मुख्य विषय: जीवशास्त्र. खालच्या चौकटीत, नवा: समाजकार्य.

"लिओ, थांब. थांब, देऊ नकोस तो." ट्रेसाला धाप लागली होती. "मी मॅडमना भेटले. अगं काहीही संपलेलं नाहीये! हलकं सेमिस्टर घ्यायचं, फिजिक्स उन्हाळ्यात परत, एक वर्ष उशीर, बस्स. होतं. नक्की होतं. त्या स्वतः म्हणाल्या."

लिओटाने तिच्याकडे पाहिलं. "टोपी घाल, कान लाल झालेत तुझे."

"ऐक ना!"

"ऐकतेय."

"आणि डब्ल्यूचं... ते मी चुकीचं सांगितलं होतं. एका डब्ल्यूने काही होत नाही."

"मॅडमनी ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं मला ते," लिओटा म्हणाली. "मी तुझं ऐकलं."

रांग एक पाऊल पुढे सरकली. दोघीही सरकल्या. आणि तिथे, मागे-पुढे माणसं असताना, ट्रेसाने सांगून टाकलं. फिजिक्सची भीती, लॅबची जोडी, एव्हरेटची टरफलं, सगळं. कॉर्बिनचं नाव नुसतं पुढे केलं होतं म्हणाली. "मला एकटीला जायचं नव्हतं गं. तू म्हणालीस ना, माझ्यासाठी सांगतेयस का, तेव्हा मी हसले. तेव्हा मी खोटं बोलले."

लिओटा म्हणाली, "असंच म्हणायचं होतंस ना तेव्हा. 'लिओ, मला भीती वाटते, थांब.' मी थांबले असते."

ट्रेसाला रडू फुटलं. रांगेतला पुढचा मुलगा उगाच मोबाइलमध्ये बघायला लागला.

"मग आता तरी ऐक," ट्रेसा म्हणाली. "आता मी खरं सांगतेय. तुझ्याइतकं डॉक्टर व्हायला पाहिजे असं इथे कुणीच नाहीये. मी पण नाही. शप्पथ सांगते, जमेल तुला."

"आताही किती खात्रीने बोलतेयस," लिओटा म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिने नुसतं सांगितलं. "ऑक्टोबरमध्ये पण अशीच बोलत होतीस. मला कळतच नाही गं तुझं कुठलं खरं धरायचं. आणि माझं मला काय वाटतं, ते तर मला दीड वर्षात ऐकूच आलं नाही."

"मग माझं सोड. मॅडमकडे जा. आत्ता जा. पाचपर्यंत बसतात त्या."

"मला परत ऑरगॅनिकचं पुस्तक उघडवत नाहीये, ट्रेस. सुट्टीत उघडलं होतं. हात थरथरायला लागले." तिने आपले हात पुढे करून पाहिले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. "कदाचित पुढच्या वर्षी उघडवेल. कदाचित नाही. पण हा फॉर्म मी एकटीने भरलाय. चूक असेल तरी असू दे."

खिडकीतल्या बाईंनी "पुढचं कोण?" म्हणून हाक मारली. ट्रेसाचा हात आपोआप उठला, कागद धरायला. मग तो तसाच खाली आला. लिओटाने कागद सरकवला, बाईंनी शिक्का मारला, 'झालं बाळा' म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. मिनिटसुद्धा लागलं नाही.

बाहेर आल्यावर लिओटाने कोटाची बटणं लावली. तिचा अडीचला समाजकार्याचा पहिला तास होता, नदीपलीकडच्या जुन्या इमारतीत. ट्रेसा विचारणार होती, सोबत येऊ का, पण तोंडापर्यंत आलेलं गिळलं तिने. लिओटा पुलाच्या दिशेने निघाली. अर्ध्या वाटेत थांबून तिने एका पोराला इमारत कुठली ते विचारलं, त्याने हात करून दाखवलं, आणि ती तिकडे वळली.